पाच हीर दूर मस्कत

मित्रांनो, दार उघडलं की दाराआड झाकली जाते आणि दार लावलं तरी जिच्याकडे कुणी बघत नाही, ती मी. मी एक जुनी केरसुणी आहे. माडाच्या हिरांची. नारळाच्या झावळीच्या प्रत्येक पात्याला मधोमध एक कणा असतो ना, पातळ आणि चिवट, त्याला हीर म्हणतात. असे मूठभर हीर एकत्र बांधले की मी होते. आता झिजून झिजून मी वीतभर उरले आहे, पण अंगातली गाठ अजून सुटलेली नाही.

मला पाय नाहीत, पंख तर नाहीतच. तरीही मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट आहे आभाळातल्या रस्त्याची. केरसुणीला आभाळातलं काय कळणार, असं म्हणून हसू नका. आधी ऐका.

माझा जन्म देवगडजवळच्या एका गावात, माडांच्या सावलीत झाला. सुगंधाआजीने मला स्वतःच्या हातांनी घडवलं. पडवीत पाय पसरून बसायची, एकेक पातं सुरीने तासायची, हिरवा भाग गळून पडायचा आणि आतला हीर हातात यायचा. मग ते हीर उन्हात वाळवून, सारखे करून, काथ्याच्या सुंभाने तिने माझी मूठ आवळली. इतकी घट्ट, की मला वाटलं आता श्वासच अडकतो. "मुंबयच्या केरसुण्यांक जीव नसता," ती शेजारणीला म्हणाली होती. गावी मला वाडवण म्हणत. मुंबईला आले आणि केरसुणी झाले.

मुंबईला मी एसटीच्या टपावरून आले. माझ्या एका बाजूला फणस, दुसऱ्या बाजूला तांदळाचं पोतं. संध्याकाळी गाडी निघाली ती रात्रभर घाट चढत आणि उतरत राहिली. प्रत्येक वळणावर फणस माझ्या अंगावर येई. खाली खिडकीशी बसलेल्या आजीला गाडी लागली होती. ती "गणपती रे बाप्पा" म्हणत आवळा चघळत होती. सकाळ झाली, ऊन तापलं, तरी मुंबई येईना. शेवटी आली तेव्हा माझे दोन हीर मोडले होते आणि आजीला धड उभंही राहवत नव्हतं. त्या दिवशी मला कळलं, अंतर म्हणजे काय. अंतर म्हणजे एक अख्खी रात्र, वर अर्धा दिवस, आणि मोडलेले हीर.

आमचं घर घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरउतारावर. एक खोली, पत्र्याचं छप्पर, समोर हातभर ओटा. घरात सुगंधाआजी, तिचा मुलगा जयवंत, सून रत्नप्रभा, आणि पुढे त्यांची छोटी प्रेमा. जयवंत विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता. लक्ष्मीपूजनाला आजी मला हळदकुंकू लावायची, पाटावर उभी करायची. त्या एका दिवशी मी देवी असे. बाकीचे दिवस कधी उंदराच्या मागे, कधी पालीच्या मागे धावायचं. पण चोख काम करायचे मी. शेजारची चंपा म्हणायची, "रत्ने, तुझी केरसुणी दे गं जरा. माझी फुलझाडू नुसती धूळ इकडची तिकडे करते." मला फार बरं वाटायचं. स्तुती कुणाला नको असते?

आणि मित्रांनो, आमच्या डोक्यावरून विमानं जायची. सहारच्या विमानतळावर उतरणारी विमानं डोंगराला अगदी घासून येतात की काय असं वाटे. आधी लांब कुठेतरी गुरगुर, मग पत्रा थरथरायचा, मांडणीवरची ताटं एकमेकांना टेकून किणकिणायची, आणि दारातून एक मोठी सावली सर्रकन ओट्यावरून पळायची. मी ती सावली कितीदा तरी झाडायचा प्रयत्न केला आहे. मला एक कागदाचा कपटा हलवायला किती जोर लागतो, हे माझं मला माहीत. आणि एवढं मोठं धूड, पोटात माणसं आणि त्यांच्या पेट्या घेऊन, वाऱ्यावर टेकून येतं! मी दाराआडून बघत राहायचे. सवय म्हणून झाली नाही त्याची, कधीच.

त्र्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये जयवंतला मस्कतची नोकरी लागली. आमच्या घरातून आजवर कुणी समुद्र ओलांडला नव्हता. निघायच्या सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोऱ्या, कागद, सुतळीचे तुकडे, शेंगदाण्यांची सालं. हिरव्या पेटीत शेवटची म्हणून लोणच्याची काचेची बरणी ठेवायची होती. जयवंतने ती उचलली, तेलाने बोटं निसरडी झालेली, आणि बरणी फटकन जमिनीवर.

लोणचं आणि काच खोलीभर उडाली.

"जाऊ दे गं आई," जयवंत हसण्याचा आव आणत म्हणाला, "मस्कतला काय, आंबे नसतील तर खजुराचं लोणचं घालू."

आजी हसली नाही. तिने त्याच्या तळहातावर दही घातलं, देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि तो गेला. उतारावरून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत दोघी ओट्यावर उभ्या होत्या. मग रत्नप्रभाने लोणचं आणि काचेचे मोठे तुकडे हाताने वेचले, कागदात गुंडाळले, आणि बारीक काच झाडायला मला उचललं.

"ठेव ती खाली!" आजी ओरडली. "झील आत्ता उंबऱ्याभायर पडलो आणि तू केर काढतंस?"

झील म्हणजे मुलगा. तुमच्याही घरी आजी असं म्हणत असेल. माणूस प्रवासाला निघालं की मागोमाग केर काढायचा नाही. तो मुक्कामी पोचेपर्यंत त्याची पावलं घरात असतात. ती झाडली तर परत यायची वाट पुसते, असं मानतात. गावाला कुणी निघालं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी कोपऱ्यात उभी असायचे. मला त्यात काही वाटत नसे. पण त्या दिवशी जमिनीवर काच होती, आणि प्रेमा नुकती रांगायला लागली होती.

"आई, काच आहे हो," रत्नप्रभा म्हणाली.

"उचलून घे तिका. पोचल्याची तार येऊ दे, मगे काढ."

चंपा दारात येऊन उभी राहिली होती. "मावशी, पोरगी रांगती आहे. देवाला कळतं ना सगळं!"

"देवाक कळता," आजी म्हणाली, "पण रस्त्याक कळना नाय."

चंपाने प्रेमाला स्वतःकडे नेलं. पण आईच्या कडेवरून उतरलं की प्रेमाचं भोकाड सुरू. थोड्याच वेळात ती परत घरात. मग रत्नप्रभा दिवसभर तिला कडेवर घेऊन वावरली. एका हाताने तांदूळ धुतले, एका हाताने आमटी ढवळली. खांदा भरून आला की बाजू बदलायची. मी कोपऱ्यातून बघत होते. माझ्या जन्माचं काम समोर जमिनीवर चमकत पडलं होतं, आणि मला हलता येत नव्हतं.

दुपारी प्रेमाचा डोळा लागला. रत्नप्रभाने तिला साडीच्या झोळीत निजवलं आणि स्वतः तिथेच भिंतीला टेकली. रात्रभर जागी होती बिचारी. तिलाही झोप लागली. आजी ओट्यावर जप करत होती. मला दिसलं, झोळी हलली. एक मूठ बाहेर आली. मग डोकं. प्रेमा उठून बसली होती आणि झोळीच्या काठावरून खाली वाकून बघत होती. झोळीच्या बरोब्बर खाली, उन्हाच्या कवडशात, नखाएवढी एक काच लकाकत होती. मुलांना लकाकणारं काहीही आवडतं. तिने हात लांब केला. झोळी कलली.

मित्रांनो, मला आवाज नाही याचं दुःख तेवढं कधीच झालं नव्हतं. पण तेवढ्यात विमान आलं. पत्रा थरथरला, ताटं किणकिणली, आणि रत्नप्रभा दचकून जागी झाली. तिने प्रेमाला वरच्यावर झेललं. छातीशी इतकं घट्ट धरलं की पोर घाबरून रडायला लागली.

त्यानंतर रत्नप्रभा सरळ माझ्याकडे आली. तिने मला मुठीत धरलं. माझे हीर जमिनीला टेकलेसुद्धा. आणि तिचा हात थांबला. शाळेत शास्त्र शिकलेली मुलगी ती. सासूच्या बोलण्याला मनातल्या मनात हसणारी. पण तिच्याच्याने झाडवेना. तिला दिसत होती फक्त उतारावरून जाणारी जयवंतची पाठ. मग तिने मला परत कोपऱ्यात ठेवलं, आणि माझ्यातला एक हीर उपसून घेतला.

भिंतीवर विमान कंपनीचं एक कॅलेंडर होतं, चंपाच्या नवऱ्याने, कुंडलिकने दिलेलं. त्यावर नकाशा होता. मुंबईच्या ठिपक्यातून रेषा निघून सगळीकडे पसरल्या होत्या. मी तो नकाशा रोज पाही आणि मला वाटे, हे तर माझंच चित्र आहे! एका मुठीतून निघालेले किती हीर, आणि एकेका हिराच्या टोकाला एकेक गाव.

रत्नप्रभाने हीर नकाशावर ठेवला. देवगड जिथे असेल तिथून मुंबईपर्यंत. तेवढाच तुकडा मोडला. मग तो तुकडा मुंबईपासून निळ्या समुद्रावर ठेवत गेली. एक. दोन. तीन. समुद्र संपेना. चार. पाच. पाचव्यानंतरही मस्कत थोडं पुढेच राहिलं.

"काय मोजतंस गो?" आजी आत येऊन म्हणाली.

"आई, आपल्या गावापासून मुंबई एक हीर. आणि मस्कत पाच हीर. वर थोडं."

आजीने तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला. ती त्या एका तुकड्याचा सगळा रस्ता बसून आली होती. तिला त्यात घाट दिसत होते, आवळा आठवत होता.

"पाच?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे पाच एसट्यो. एकामागून एक. बाय माझे, पाच राती! बघ, तूच मोजलंस. पाच राती केर काढूचो नाय."

रत्नप्रभाने कपाळावर हात मारून घेतला. मोजायला गेली एक आणि झालं भलतंच.

मला मात्र आजीचं म्हणणं पटलं होतं. टपावरून पाच रात्री! माझा तर एकही हीर शाबूत राहिला नसता.

इतक्यात कुंडलिक पहिली पाळी संपवून आला. तो विमानतळावर सामान चढवण्याच्या कामाला होता. दारातूनच म्हणाला, "मावशी, जयवंताची हिरवी पेटी मीच चढवली बरं का! वर दोन थापा मारल्या, म्हटलं जा, सांभाळून. बारा वाजून गेल्यावर हललं विमान. आता काय, पोचला असेल तो."

"पोचलो?" आजी म्हणाली. "खंय?"

"मस्कतला."

"आत्ता दुपारी?"

"अडीच-पावणेतीन तासांची तर बात आहे, मावशी. एक पिक्चर बघून होतो तेवढ्यात माणूस समुद्राच्या पलीकडे. मध्ये इंटरवल पण नाही."

आजी रागावली. थट्टा करतोय असं वाटलं तिला. "अडीच तास? मेल्या, गणपतीच्या गर्दीत अडीच तासांत माझी गाडी पनवेलाक पण पोचत नाय!"

"पनवेलला खड्डे आहेत. वर कुठे आहेत?"

"आणि पोचलो तर कळवल्यान कित्याक नाय?"

 कुंडलिक डोकं खाजवत म्हणाला, "तेच तर ना मावशी. माणूस पुढे गेला, बातमी मागे राहिली. आता ती तार येतेय त्याच्या मागून, धापा टाकत."

मित्रांनो, हे ऐकून माझे उरलेसुरले हीर ताठ झाले. पाच हिरांचं अंतर, आणि वेळ मात्र एका हिराच्या टोकाएवढा! आम्ही भात रांधला, प्रेमाला निजवलं, एक काच लकाकली, तेवढ्यात एक माणूस अख्खा समुद्र ओलांडून गेला होता. स्वतःच्या बातमीलाही मागे टाकून.

आजीचं मात्र समाधान होईना. तिने खुंटीवरच्या जयवंतच्या जुन्या सदऱ्याकडे बघितलं आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "कुंडलिका, मी डोळ्यांनी बघूक नाय ना रे. बरणी फुटली माझ्यासमोर."

कुंडलिक तिच्यासमोर उकिडवा बसला. "मावशी, ऐका. तुमची वस्तीची एसटी गावात जाते, माणसं उतरवते, आणि तीच गाडी परत येते की नाही? तसंच विमानाचं. ज्यातून जयवंत गेला तेच विमान तिकडची माणसं भरून आज संध्याकाळी परत येणार. शेपटीवर सोनेरी पट्टा आहे त्याच्या. आणि उतरताना येतं कुठून? आपल्या डोक्यावरून! ते दिसलं म्हणजे जयवंत पोचला. त्याला सोडल्याशिवाय ते परत येईलच कसं?"

आजीने जपाची माळ पुन्हा हातात घेतली. "एसटीसारखा," ती म्हणाली. "तसा असला तर बघूया."

उन्हं कलली तशी सगळी ओट्यावर जमली. रत्नप्रभाच्या कडेवर प्रेमा. आजीच्या हातात जपाची माळ. मला रत्नप्रभाने दारालगत आणून उभी केली होती, अगदी तयार. पण आता वेगळीच धाकधूक होती. तुम्हाला माहीत असेल, तिन्हीसांजेला दिवा लागला की केर काढत नाहीत, लक्ष्मी घराबाहेर जाते म्हणतात. म्हणजे विमान दिवेलागणीनंतर आलं तर? जयवंत पोचला तरी केर राहणार, आणि काच रात्रभर जमिनीवर.

एक विमान आलं. "हेच!" कुंडलिक ओरडला. आजीने हात जोडले. "नाही... हे नाही. हे दिल्लीचं वाटतंय."

दुसरं आलं. तेही नव्हतं. आजीने तरी हात जोडलेच.

"मावशी, तुम्ही सगळ्यांनाच नमस्कार करताय," चंपा हसली.

"खंयचाय असू दे," आजी म्हणाली, "कोणाचो तरी झील असतलोच आत."

सूर्य खाली जात होता. डोंगरावरच्या घराघरांतून दिवे लागायला लागले. उदबत्त्यांचा वास येऊ लागला. रत्नप्रभाने आजीकडे पाहिलं, आजीने देव्हाऱ्यातल्या समईकडे. वात घातलेली होती, तेल होतं, काडेपेटी शेजारी. कुंडलिकच्या कपाळावर घाम आला होता. "उशीर होतो कधीकधी," तो म्हणाला. आजी उठली. आत गेली. काडेपेटी हातात घेतली.

आणि लांब कुठेतरी गुरगुर झाली.

आजी काडेपेटीसकट बाहेर आली. पूर्वेच्या काळपट आभाळात एक दिवा दिसला, मग त्याचे दोन झाले, तीन झाले. आवाज वाढला. पत्रा थरथरला, ताटं बोलायला लागली. विमान इतकं खाली आलं की पोटाखालची चाकं दिसली. मावळतीचा शेवटचा उजेड त्याच्या शेपटीवर पडला, आणि तिथे एक सोनेरी पट्टा झळकला.

"हेच! मावशी, आईशप्पथ हेच!" कुंडलिकचा आवाज विमानाच्या आवाजात बुडाला.

आजीने हात जोडले नाहीत. तिने मान वर करून, तोंड उघडं टाकून, ते पुरतं पलीकडे जाईपर्यंत पाहिलं. सकाळी तिच्या ओट्यावरून निघालेल्या मुलाला समुद्रापार सोडून ते परत आलं होतं, आणि अजून तोच दिवस होता. "पाच हीर," ती पुटपुटली. "जाऊन येऊन धा." तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

रत्नप्रभा म्हणाली, "आई, दिवा लावायची वेळ टळतेय."

आजी भानावर आली. सगळ्या डोंगरावर दिवे लागले होते. फक्त आमच्या घरात अंधार. जन्मभर तिने तिन्हीसांज चुकवली नव्हती. तिने हातातल्या काडेपेटीकडे पाहिलं आणि ती कमरेला खोचली.

"दिवो मागसून," ती म्हणाली. "लक्ष्मी जरा दारात थांबतली. माझ्या नातीक काच लागता कामा नये. ती वाडवण माझ्या हातात दी."

चंपाने दारात कंदील धरला, बाहेरच्या बाजूने, म्हणजे घरात दिवा लागला असं कुणी म्हणायला नको. आणि सुगंधाआजीने, जिने मला घडवलं तिने, वाकून, कोपरान् कोपरा झाडला. माझ्या हिरांतून काचेचा एकेक कण खळखळत पुढे गेला. झोळीखालची ती नखाएवढी काचही. मी आयुष्यात पुष्कळ केर काढले, पण तसा केर पुन्हा काढला नाही. मग तिने हात धुऊन समई लावली, आणि रत्नप्रभाने दिवसभरात पहिल्यांदा प्रेमाला जमिनीवर सोडलं. ती सरळ माझ्याकडे रांगत आली आणि माझ्या मुठीवरच्या सुंभाचं टोक तोंडात घालायला निघाली!

तार तिसऱ्या दिवशी आली. 'सुखरूप पोचलो.' आजी ती ऐकून म्हणाली, "आता सांगतोस? आमका कधीचा ठाऊक."

त्या दिवसापासून आमच्या घरचा दिवा ते सोनेरी पट्ट्याचं विमान गेल्यावर लागायचा. ज्या दिवशी ते यायचं नसे, त्या दिवशी आजी उगीच दोनदा बाहेर डोकावून मगच काडी ओढायची. दोन वर्षांनी जयवंत परत आला तो त्याच विमानातून. आजीला ते आधीच ठाऊक होतं. तरी त्या संध्याकाळी विमान डोक्यावरून गेलं आणि तिने समई लावली नाही. "आज विमान बघून भागूचा नाय," ती म्हणाली. उतारावरून जयवंतची पावलं वर चढली, उंबऱ्यात आली, तेव्हा कुठे आमच्या घरी उजेड झाला.

जयवंतने येताना लांब दांड्याचा, रंगीत झाडू आणला. तेव्हापासून मी दाराआडच्या मोरीच्या कोपऱ्यात असते. पाण्याने माझे हीर काळे पडले आहेत. कधी कुणी मला पायाने सरकवतं. माझी तक्रार नाही. जुनं झालं की असं व्हायचंच. प्रेमा मात्र आता शाळेत जाते, आणि नकाशा उघडला की माझ्याकडे येते. "एक हीर देशील?" असं विचारते आणि मगच उपसते. एकेक गाव मोजते. मी अशीच एक दिवस संपून जाईन, जगभर पसरून.

मित्रांनो, तुमच्या घरच्या केरसुणीला पाय लावू नका. तिला ओल्यात टाकू नका, कोरड्या जागी आडवी ठेवा, ती पुष्कळ वर्षं तुमची सेवा करील. आणि घरातून कुणी लांब निघालं, तर केर काढायची घाई करू नका. विमान किती का वेगाने जाईना, मागे राहिलेल्या माणसाचं मन अजून एसटीनेच जातं. ते मुक्कामी पोचेपर्यंत थोडं थांबा. फक्त जमिनीवर काच असेल, तर थांबू नका.